चार्जिंगचा लाल दिवा

आमच्या खामगावकडे अल्टरनेटरला आजही डायनमाच म्हणतात. गाडी कालपरवाची असो की चाळीस वर्षांची, ड्रायव्हर दुकानासमोर ती बंद न करताच उतरतो आणि म्हणतो, "मिस्तरी, डायनमा चार्जिंग नाई मारून राह्यला." गाडी बंद केली तर पुन्हा सेल्फ घेणार नाही, ही भीती त्याच्या चेहऱ्यावर असते. गाडीच्या वायरिंगच्या कामात मला तीस वर्षांहून जास्त झाली. हा शब्द मी कधी दुरुस्त केला नाही. तो जुन्या गाड्यांबरोबर आला आणि गाड्या गेल्या तरी जिभेवर राहिला. मात्र जुनी गाडी दारात येते तेव्हा या एका शब्दामागे दोन वेगवेगळी यंत्रं आहेत हे समोरच्याला सांगावंच लागतं. एक काढून दुसरं बसवणं म्हणजे चार नटबोल्टांचं काम आहे, असंच बहुतेकांना वाटत असतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर जळगाव जामोदकडचा एक तरुण शेतकरी त्याच्या वडिलांची पेट्रोल जीप घेऊन आला. १९७० च्या दशकातली महिंद्राची जीप. बॉडीला दोनदा रंग मारलेला, इंजिन मात्र मूळचंच. महिंद्रानं स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडायला घेतल्या. तेव्हापासून आमच्या बुलढाणा जिल्ह्यानं जीपशिवाय वाहनच पाहिलं नाही म्हटलं तरी चालेल. घाटाखाली पूर्णेच्या काठची काळी माती, घाटावर दगडधोंडे, उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याचे रस्ते. दुसरं काही चालतही नव्हतं.

तो म्हणाला, "काका, बाबाची गाडी हाय. इकाची नाई. पण मले रात्री वावरातून घरी याचं रायते. लाइटच नाई पुरत." एका नव्या मोठ्या गाडीतून निघालेला ९० अँपिअरचा अल्टरनेटर त्यानं भंगारातून आणून पोत्यात बांधून सोबतच आणला होता. "हाच बसवून द्या."

मी बॉनेट उघडलं. लांबट, नळकांड्यासारखा डायनॅमो, त्याच्या पाटीवर २२ अँपिअर. फायरवॉलवर काळ्या झाकणाची रेग्युलेटरची डबी. डबीखालच्या टर्मिनलांवर ए, ए-वन, डी, एफ, ई ही अक्षरं अजून वाचता येत होती. मला माझे उस्ताद आठवले. माझी पहिली तीन वर्षं या डबीत आणि डायनॅमोच्या कॉम्युटेटरवर गेली आहेत.

डायनॅमोत वीज तयार होते ती फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये. म्हणजे गाडीला लागणारा सगळा करंट, पूर्ण वीस-बावीस अँपिअर, कॉम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांवरून कार्बन ब्रशमधून बाहेर यावा लागतो. ब्रश झिजतात, तांबं काळं पडतं, पट्ट्यांमधला अभ्रक वर येतो. उस्ताद मला हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घासून द्यायचे आणि पट्ट्यांच्या फटींतला अभ्रक एकेक करून खाली खरवडायला लावायचे. एका आर्मेचरला अख्खी दुपार जायची. मग डबीतला कट-आउट. डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा जास्त झाला की कट-आउटचे पॉइंट जुळतात, कमी झाला की सुटतात. ते चिकटून राहिले तर गाडी बंद असताना बॅटरीच उलटी डायनॅमोत रिकामी होते. सकाळी बॅटरी मेलेली आणि डायनॅमो हाताला गरम. पॉइंटमधली फट उस्ताद डोळ्यांनी ठरवायचे आणि मीटर लावला की त्यांचं बरोबर निघायचं.

अल्टरनेटरनं हे सगळं उलटं केलं. त्यात फिरतं ते फक्त चुंबक, म्हणजे रोटर, आणि वीज तयार होते ती बाहेरच्या स्थिर गुंडाळीत, स्टेटरमध्ये. ब्रशमधून जातो तो फक्त रोटरला जागवणारा तीन-चार अँपिअरचा करंट. म्हणून ब्रश वर्षानुवर्षं टिकतात. तयार होणारी वीज आलटून-पालटून दिशा बदलणारी असते. तिला एका दिशेला वळवण्याचं काम डायोड करतात आणि कट-आउटचं कामही तेच करतात, कारण त्यांच्यातून करंट उलटा जातच नाही. सिलिकॉनचे असे डायोड स्वस्त आणि मजबूत होईपर्यंत हे यंत्र साध्या मोटारीत सर्रास येणं शक्य नव्हतं. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीनं १९६० च्या व्हॅलियंट गाडीला अल्टरनेटर दिला. आपल्याकडे मद्रासजवळ पाडीला लुकास-टीव्हीएस १९६१ साली सुरू झाली आणि तिचे डायनॅमो, सेल्फ आणि पुढे अल्टरनेटर आमच्या हातात आले. बाहेर अल्टरनेटर आला तरी आपल्या जीप आणि ट्रॅक्टर पुढे कितीतरी वर्षं डायनॅमोवरच चालत होते.

डायनॅमोबद्दल एक चांगली गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. तो चुका पोटात घालतो. बॅटरी उलटी जोडली तर फील्डला क्षणभर योग्य दिशेनं बॅटरी दाखवायची, तो पुन्हा कामाला लागतो. अल्टरनेटरमध्ये बॅटरीची वायर एकदा उलटी टेकली तरी डायोड प्लेट गेली. चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढलं तरी ती जाऊ शकते. बॅटरी जोडलेली ठेवून बंपरला वेल्डिंग केलं तरी जाते. ट्रॉलीच्या हुकाला वेल्डिंग करून थेट माझ्याकडे आलेल्या गाड्या मी मोजायचं सोडून दिलं आहे. वेल्डिंगआधी बॅटरीची अर्थ वायर काढा, एवढं सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक वेल्डिंगच्या दुकानात हवा होता.

त्या पोराचा पोत्यातला ९० अँपिअरचा अल्टरनेटर मी बाजूला ठेवला. त्याला तो का नको ते समजवायला मला माझीच एक जुनी चूक सांगावी लागली.

नव्वदच्या दशकात, उस्तादांच्या हाताखालून निघून मी नुकतंच स्वतःचं टेबल मांडलं होतं. घाटावरच्या एका ओळखीच्या माणसाच्या जीपला मी माझ्या हिमतीवर पहिल्यांदा डायनॅमो काढून ५५ अँपिअरचा अल्टरनेटर बसवला. ब्रॅकेट नीट बसलं, बेल्ट ताणला, गाडी सुरू केली, मीटरचा काटा उजवीकडे गेला. मालक खूश झाला आणि मीही. जुन्या जीपच्या डॅशवर अँपिअर मीटर असतो, वजा ३० ते अधिक ३०. गाडीतला सगळा चार्जिंगचा करंट त्या मीटरमधून फिरून बॅटरीकडे जातो. डायनॅमोच्या २२ अँपिअरला ती वायर आणि तो मीटर पुरेसे होते. मी मशीन बदललं आणि वायर जुनीच ठेवली.

चार दिवसांनी त्याच्या पाहुण्यांकडे लग्न होतं. खामगावहून बुलढाण्याला बोथा घाटातून जायचं होतं. त्यानं आग्रहानं मलाही बसवून घेतलं. आदल्या रात्री कुणीतरी पार्किंगचे दिवे चालू ठेवल्यानं बॅटरी पार उतरलेली होती. आम्ही धक्का मारून गाडी सुरू केली. उतरलेली बॅटरी चार्जिंगला लागली की अल्टरनेटरमध्ये असेल नसेल तेवढं सगळं ओढून घेते, हे मला तेव्हा पुस्तकात वाचल्यासारखं माहीत होतं. घाट सुरू झाल्यावर आधी जळक्या रबराचा वास आला. मग डॅशच्या खालून धूर. मीटरच्या मागची वायर लालभडक होऊन तिच्यावरचं कव्हर वितळून खाली टपकत होतं. मालकानं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, तरी धूर थांबेना, कारण अल्टरनेटरची मुख्य तार चावी बंद असली तरी बॅटरीशी जोडलेलीच असते आणि वितळलेली वायर आता बॉडीला टेकली होती. मी बॉनेट उघडून बॅटरीचं टर्मिनल हातानं ओढून काढलं. तळहातावरची खूण अजून आहे.

मागे बायका आणि दोन लहान मुलं होती. कुणाला इजा झाली नाही. घाटाभोवतीच्या ज्ञानगंगेच्या जंगलात, पूर्ण अंधारात, आम्ही रस्त्याच्या कडेला एकमेकांना धरून उभे होतो. त्या जंगलात अस्वलं आहेत, बिबटे आहेत. पुढे २०१९ मध्ये तर टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आलेला एक वाघही तिथं काही काळ राहिला. त्या रात्री आम्हाला काहीच दिसलं नाही. बऱ्याच वेळानं बुलढाण्याकडून एसटी आली, ड्रायव्हरनं गाडी थांबवून सगळ्यांना आत घेतलं. त्या मुलांपैकी एकानं बसमध्ये बसल्यावर मला विचारलं, "काका, तुमीच जोडली होती ना वायर?" हो म्हणालो. यापेक्षा जास्त काही बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी उस्तादांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. जळालेल्या वायरचा तुकडा हातात घेऊन त्यांनी नखानं तांब्याच्या तारा मोजल्या आणि म्हणाले, "वायर पह्यले पाह्य. मशीन मंग." मग त्यांनी मला एक वही दिली. प्रत्येक गाडीचं पान वेगळं करायचं आणि मशीन निवडण्याआधी त्या पानावर गाडीचा खर्च लिहायचा. ती सवय मला तिथून लागली. आता तशा अकरा वह्या झाल्या आहेत.

खर्च म्हणजे वॅट. जळगाव जामोदच्या त्या जीपचं पान असं आहे. पुढचे दोन दिवे ५५ वॅटचे, म्हणजे ११०. पार्किंग आणि मागचे दिवे, नंबर प्लेट, डॅशचे बल्ब मिळून साधारण तीस. त्याला धुक्यासाठी आणि वावरातून येताना हवे असलेले दोन जादा दिवे, आणखी ११०. वायपर चाळीस. पेट्रोल गाडी, म्हणून इग्निशन कॉइल चाळीस. मोबाइलचं चार्जर पंधरा. बेरीज ३४५ वॅट. साडेतेरा व्होल्टनं भागलं की सुमारे साडेपंचवीस अँपिअर. त्यात बॅटरी भरायला दहा अँपिअर धरले की छत्तीस. हॉर्न आणि इंडिकेटर क्षणभराचे, ते मी यात धरत नाही. सेल्फ तर बॅटरीच्या खात्यावर. म्हणजे त्या जीपला ४५ अँपिअरचा अल्टरनेटर पोटभर झाला. जुन्या २२ अँपिअरच्या डायनॅमोला हे कधीच झेपणारं नव्हतं. तोही आपले बावीस पूर्ण वेगातच द्यायचा. गाडी जागेवर उभी असताना तो जवळपास काहीच देत नसे.

जागेवर उभ्या गाडीचा हा मुद्दा लोक विसरतात. अल्टरनेटरच्या पाटीवरचा आकडा त्याच्या भरधाव वेगाचा असतो, इंजिन नुसतं गुरगुरत असताना तो त्याच्या अर्ध्यापेक्षाही कमी देतो. आमच्याकडच्या काळ्या-पिवळ्या सवारी जीप आठवा. शेगावला रामनवमीची, प्रकटदिनाची गर्दी असते तेव्हा स्टँडवर एकेक सवारीची वाट पाहत अर्धा-अर्धा तास इंजिन चालू, दिवे चालू, टेप चालू. अशा गाडीला मोठा अल्टरनेटर लागतो तो त्या उभं राहण्यासाठी. शेतकऱ्याची जीप उभी राहते तेव्हा बंद असते. म्हणून दोघांना एकच मशीन सांगणं मला पटत नाही.

"मंग नव्वदचा काऊन नाई?" असं त्यानं विचारलंच. विजेच्या बाजूनं बघितलं तर मशीन मोठं असल्यानं दिव्यांना इजा होत नाही, दिवे लागतं तेवढंच घेतात. पण मोठं मशीन भर येताच इंजिनाला तितकंच ओढतं, आणि जीपचा एकेरी व्ही-बेल्ट ते ओढणं सोसत नाही, घसरून किंचाळायला लागतो. बॅटरी उतरलेली असेल त्या दिवशी ते साठ-सत्तर अँपिअर तारेत ओतणार, आणि मी बोथा घाटात काय पाहिलं ते त्याला सांगून झालं होतं. तो पोत्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "परत देऊन टाकतो."

मग पुलीचा हिशेब. त्याच्या इंजिनची क्रँकची पुली मापली, १५० मिलिमीटर. डायनॅमोची पुली १०० मिलिमीटर. म्हणजे इंजिनच्या एका फेऱ्याला डायनॅमोचे दीड फेरे. इंजिन जागेवर ७०० फेऱ्यांनी चालतं, तेव्हा डायनॅमोची पुली अल्टरनेटरला लावली तर त्याला १,०५० फेरे मिळणार. अल्टरनेटर जागा व्हायला साधारण तेवढेच लागतात, म्हणजे कसाबसा जागा होणार आणि काही देणार नाही. अल्टरनेटरसोबत आलेली पुली ७० मिलिमीटरची, पण तिची खाच अरुंद आणि जीपचा बेल्ट रुंद. बेल्ट खाचेत वर तरंगत राहिला तर दोन दिवसांत कातरला जातो. लेथवाल्याकडून मी ७० मिलिमीटर व्यासाची रुंद खाचेची पुली करून घेतली. आता जागेवर १,५०० फेरे आणि पूर्ण वेगात साडेआठ हजार, दोन्ही सुरक्षित. बेल्ट ओढताना अंगठ्यानं मध्ये दाबला की अर्धा इंच आत जावा, यापेक्षा चांगलं माप मला अजून सापडलेलं नाही. आणि पुलीमागचा पंखा कोणत्या दिशेनं हवा ओढतो ते बघून घ्यावं. जिनिंगमध्ये जाणाऱ्या गाड्यांच्या अल्टरनेटरला सरकीचा कापूस चिकटून हवेच्या फटी बुजतात आणि मशीन आतून भाजतं. खामगावात हे दर हंगामात होतं. ब्रशनं फटी झाडायला पाच मिनिटं लागतात.

डिझेल गाड्यांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. सुमो, ट्रॅक्स अशा कितीतरी गाड्यांच्या अल्टरनेटरच्या मागच्या टोकाला ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो. एकदा एका ड्रायव्हरनं स्वस्तात मिळालेला पंपाशिवायचा अल्टरनेटर आणला आणि "चार्जिंगचं काम हाय, ब्रेकचं नाई" म्हणाला. मी तो बसवला नाही. राजूर घाट उतरताना पंपाशिवाय ब्रेकवर पाय किती जोरानं दाबावा लागेल, हे मी त्याला सांगितलं. तो दुसऱ्या दुकानात गेला. पुढचं मला माहीत नाही आणि त्याची मला अजून काळजी वाटते.

जीपच्या वायरिंगला दोन दिवस लागले. अल्टरनेटरच्या बी प्लस टर्मिनलपासून थेट बॅटरीकडे दहा चौरस मिलिमीटरची नवी केबल टाकली, डॅशमध्ये न नेता. बॅटरीजवळ ६० अँपिअरचा फ्यूज, टर्मिनलवर रबरी टोपी. केबलची जाडी का बघायची ते मी त्याला मल्टिमीटरवर दाखवलं. जुनी अडीच चौरस मिलिमीटरची वायर डॅशमधून फिरून चार मीटरची होत होती. तिच्यातून ४० अँपिअर गेले तर वाटेतच एक व्होल्टाहून जास्त दाब खर्ची पडतो. अल्टरनेटर १४.२ देतो आणि बॅटरीला १३ मिळतात. अशी बॅटरी कधी पूर्ण भरत नाही, तिच्या प्लेटांवर पांढरा सल्फेट बसतो आणि वर्षभरात ती मरते. मालक म्हणतो बॅटरीची कंपनी खराब. जाड आणि छोट्या केबलमध्ये हीच तूट पाव व्होल्टाच्या आसपास येते. अँपिअर मीटरची जागा व्होल्टमीटरला दिली. गाडीची तब्येत त्यात जास्त नीट दिसते. बारा-सहा म्हणजे बॅटरी भरलेली, चालू गाडीत चौदाच्या वर, आणि पंधराच्या जवळ गेला तर रेग्युलेटर बिघडला, बॅटरीचं पाणी उडणार.

अर्थचं काम सगळे टाळतात. इंजिन रबराच्या पॅडवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन आणि चेसिस यांच्यात तांब्याची पट्टी हवीच. त्या जीपची पट्टी कधीतरी गळून पडली होती. सगळे दिवे लावून मी अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या वजा टर्मिनलपर्यंत मीटर लावला तर अर्ध्या व्होल्टाहून जास्त फरक. करंट परत येत होता तो चोकच्या केबलवरून. त्याला केबलला हात लावायला सांगितलं. "गरम हाय!" म्हणून त्यानं हात मागे घेतला. दोन नव्या पट्ट्या बसवल्यावर तो फरक जवळपास शून्यावर आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक गंमत, खरं म्हणजे घाबरवणारी गोष्ट झाली. दुकानातल्या पोरानं ट्रायलसाठी अल्टरनेटरची जागं करणारी बारीक वायर, डी प्लसची, थेट इग्निशन स्विचवर जोडली. जीप सुरू झाली, चार्जिंगही आलं. मग त्यानं चावी बंद केली आणि चावी काढून खिशात टाकली. इंजिन चालूच राहिलं! अल्टरनेटर आपल्याच विजेवर त्याच बारीक वायरमधून उलटा इग्निशन कॉइलला करंट पुरवत होता. गिअर टाकून, ब्रेक दाबून इंजिन बंद पाडावं लागलं. इलाज सोपा आणि जुना आहे. त्या वायरच्या मध्ये तीन वॅटचा छोटा बल्ब. चावी फिरवली की त्या बल्बमधून पाव अँपिअर करंट रोटरला जातो आणि त्याला जागं करतो, अल्टरनेटर चालू झाला की बल्ब विझतो. चावी बंद केल्यावर उलटा येणारा करंट बल्बमुळे इतका थोडा राहतो की कॉइल चालत नाही. डॅशवर भोक पाडून मी तिथं लाल काचेचा दिवा बसवला.

हा लाल दिवा साधा इशारा आहे असंच बहुतेकांना वाटतं. मोताळ्याकडच्या एका काळी-पिवळीवाल्याचं सांगतो. सकाळी गाडी सुरू केली की बराच वेळ चार्जिंग नाही, मग रस्त्यावर वेगात गेल्यावर अचानक येतं. दोन ठिकाणी दाखवून त्यानं अल्टरनेटर एकदा दुरुस्त करून घेतला आणि एकदा बदलला. माझ्याकडे आला तेव्हा पैशानं आणि मनानं थकलेला होता. मी चावी फिरवून डॅशकडे पाहिलं. सगळे दिवे नव्या पांढऱ्या एलईडीचे. पोराला हौस म्हणून त्यानं डॅशचे बल्ब बदलून दिले होते. एलईडीतून रोटर जागा करण्याएवढा करंट जातच नाही. जुना बल्ब परत बसवला, काम झालं. मी त्याच्याकडून फक्त बल्बचे पैसे घेतले. त्याचे आधीचे पैसे परत देणं माझ्या हातात नव्हतं.

पेट्रोल गाडीत चार्जिंग गेलं तर काही वेळानं इग्निशन मरतं आणि गाडी थांबते, म्हणजे मालकाला कळतं. जुन्या डिझेल इंजिनला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरजच उरत नाही. दिवसभर बॅटरी उतरत जाते आणि ड्रायव्हरला काहीच जाणवत नाही. संध्याकाळी दिवे लावल्यावर ते पिवळे पडतात, घाटाच्या मधोमध. आमच्या जिल्ह्यात घाटावरून घाटाखाली आल्याशिवाय दिवस जात नाही. म्हणून बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा. चावी फिरवल्यावर डॅशवरचा लाल दिवा लागला नाही, किंवा इंजिन सुरू झाल्यावरही विझला नाही, तर त्या रात्री घाट चढू नका. गाडी तिथंच ठेवा, सकाळी जवळच्या इलेक्ट्रिकवाल्याकडे न्या, आणि त्याला आधी बल्ब, वायर आणि अर्थ बघायला सांगा.